वंशवृक्षातील रिकाम्या चौकटी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाची लिखित प्रत)



आजच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. जुनी अकरावी मॅट्रिक झालेला आणि सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात घालविलेला एक निवृत्त शिक्षक, एवढीच माझी योग्यता. परंतु मंडळाने आपल्या कुळांचा वृत्तान्त छापण्याचे योजिले आहे आणि घरोघरी वंशावळीचे छापील तक्ते पाठविले आहेत. त्या कामात भरून आलेले तक्ते तपासण्याची कामगिरी माझ्याकडे आहे. ते तपासताना ज्या अडचणी दिसल्या, त्यांविषयीच आज बोलावे असे मी ठरविले आहे.

अडचणी कोणत्या? एकाच आडनावाच्या दोन घरांनी मूळ पुरुषाचे नाव निरनिराळे लिहिले आहे. एकाने मूळ गाव घाटावरचे सांगितले आहे, तर त्याच्याच चुलतभावाने कोकणातले. एका तक्त्यात आजोबांचा जन्म वडिलांच्या जन्मापूर्वी अवघ्या अकरा वर्षांचा पडतो! आणि निम्म्याहून अधिक तक्त्यांत पणजोबांच्या पुढे पणजीच्या नावाची चौकट कोरी आहे. अशा वेळी काय करावे? जे साजरे दिसते ते छापावे, की जे सापडते ते?

या प्रश्नाचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळाले. माझी कन्या व जावई अमेरिकेत न्यू जर्सी प्रांती राहतात. त्यांच्याकडे काही महिने राहण्याचा योग आला असता मी वेळ घालविण्यासाठी गावच्या वाचनालयात जात असे. तेथे एका खोलीत माझ्याच वयाची पुष्कळ माणसे भिंगे लावून जुन्या कागदांच्या प्रतिमा वाचीत बसलेली दिसली. चौकशी करता कळले, की ही मंडळी आपापले पूर्वज शोधीत आहेत. मला प्रथम हसू आले. ज्या देशाचे वय आपल्या गावच्या देवळाएवढेही नाही, त्यांना पूर्वज ते काय शोधावयाचे! परंतु चार दिवस त्यांच्यात बसल्यावर माझे हसणे थांबले. या कामात त्यांनी जी शिस्त बाणविली आहे, तिच्यापासून आपण पुष्कळ घेण्यासारखे आहे.

त्या देशात वंशशोधनाचे काम करणारी जुनी संस्था बोस्टन येथे १८४५ साली स्थापन झाली. तरीही काम सोपे नाही. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी गेले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतील सुमारे निम्मे मरण पावले. त्यांचे पुढारी विल्यम ब्रॅडफर्ड यांनी प्रवाशांची यादी लिहून ठेविली हे मोठे भाग्य. पण त्या यादीत कित्येक स्त्रिया केवळ ‘अमक्याची पत्नी’ एवढ्याच शब्दांनी उरल्या आहेत. आपल्या तक्त्यांतील कोऱ्या चौकटींची बहीणच ही!

पुढे देश स्वतंत्र झाल्यावर १७९० साली पहिली शिरगणती झाली. पण १८४० पर्यंतच्या शिरगणतीत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे. बाकीची माणसे वय व लिंग यांप्रमाणे केवळ आकड्यांनी मोजलेली. १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहू लागले, आणि प्रमुखाशी त्याचे नाते काय हे लिहू लागले ते १८८० पासून. म्हणजे त्यापूर्वीच्या यादीत एका घरात एक पुरुष, एक स्त्री आणि चार मुले दिसली, तरी ती स्त्री त्याची बायको की बहीण, मुले त्याची की भावाची, हे त्या कागदावरून सिद्ध होत नाही. १८९० च्या शिरगणतीचे बहुतेक सारे कागद तर १९२१ साली वॉशिंग्टन येथील सरकारी इमारतीस लागलेल्या आगीत बिघडले आणि पुढे नष्ट झाले.

आणि जे गुलाम होते त्यांचे काय? १८५० व १८६० साली गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या. त्यांत मालकाचे नाव आहे. त्याखाली गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण लिहिला आहे, पण नाव बहुधा नाही. गुलामगिरी संपल्यानंतर १८७० च्या शिरगणतीत ही लाखो माणसे प्रथम नावानिशी कागदावर आली. म्हणून आफ्रिकी वंशाचा अमेरिकन मनुष्य मागे मागे जाताना १८७० या सालापाशी भिंतीला टेकतो. त्यापलीकडे जावयाचे तर पूर्वीच्या मालकाची मृत्युपत्रे व खरेदीखते धुंडाळावी लागतात. कारण तेथे माणसे मालमत्तेच्या यादीत नोंदलेली असतात. बंधुभगिनींनो, आपल्या आजोबांचे नाव गाईगुरांच्या यादीत शोधावे लागणे याहून दुःख ते कोणते?

कागद असला तरी तो वाचता आला पाहिजे. इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत वर्ष सुरू होई २५ मार्चला. त्या साली पंचांग बदलले आणि सप्टेंबर महिन्यातून अकरा दिवस गाळले गेले. म्हणून राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१ चा, आणि नव्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२ चा. दोन्ही खरेच! ही गोष्ट ठाऊक नसलेला मनुष्य एकाची दोन माणसे करून बसेल. तसेच त्या काळी ‘सीनियर’ व ‘ज्युनियर’ म्हणजे नेहमी बापलेकच असे नव्हे. एका गावात एकाच नावाचे दोघे असले, की वडील तो सीनियर आणि धाकटा तो ज्युनियर, मग नाते असो वा नसो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो आणि तेही ज्याचे नाव लहानपणापासून आपणां सर्वांस विदित आहे अशा थोर पुरुषाचे, अब्राहम लिंकन यांचे. एवढा मोठा माणूस, पण त्याला आपल्या आजोबांपलीकडे फारसे काही माहीत नव्हते. का माहीत नव्हते? त्यांचे आजोबा, त्यांचेही नाव अब्राहमच, व्हर्जिनिया सोडून केंटकीच्या रानात गेले आणि तेथे मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. त्या वेळी लिंकनचे वडील थॉमस लहान मूल होते. वाडवडिलांच्या गोष्टी सांगणाराच गेला. थॉमस यांना शिक्षण मिळाले नाही, आणि कुळाचा धागा तेथे तुटला.

१८४८ साली लिंकन कायदेमंडळात असता मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम गावच्या एका लिंकन आडनावाच्या इतिहासकाराने त्यांना पत्र लिहून कुळाची विचारणा केली. लिंकननी मार्च महिन्यात उत्तर दिले आणि त्याच महिन्यात व्हर्जिनियातील एका लिंकन गृहस्थासही पत्र घालून माहिती मागविली. पुढे १८५९ साली आत्मवृत्त लिहिताना त्यांनी मोकळेपणाने सांगितले, की आपले घराणे पेन्सिल्व्हेनियाच्या बर्क्स परगण्यातून व्हर्जिनियात आले एवढे ठाऊक आहे. न्यू इंग्लंडमधील लिंकन घराण्याशी ते जोडण्याच्या प्रयत्नात मात्र मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या सारखेपणापलीकडे काही हाती लागले नाही. हे ध्यानात घ्या. नामांकित वकील, राष्ट्राध्यक्षपदाच्या उंबरठ्यावर उभा, एखाद्या मोठ्या घराण्याशी नाते जोडणे त्याला कितीसे कठीण होते? पण नावाचे साम्य म्हणजे नात्याचा पुरावा नव्हे, हे तो जाणत होता.

त्यांच्या मृत्यूनंतर संशोधकांनी तो धागा जुळविला. सॅम्युएल लिंकन १६३७ साली इंग्लंडातून निघून हिंगहॅमला आला. त्याचा पुत्र मॉर्डेकाय आणि नातूही मॉर्डेकायच. हा नातू न्यू जर्सीत गेला, तेथून पेन्सिल्व्हेनियात गेला आणि १७३६ साली वारला. त्याने मृत्युपत्रात आपला मुलगा जॉन याला न्यू जर्सीतील तीनशे एकर जमीन ठेविली. एका प्रांतातला मनुष्य दुसऱ्या प्रांतातील जमिनीची व्यवस्था करतो, त्याअर्थी दोन्हीकडचा मॉर्डेकाय एकच, हा दुवा जमिनीने दिला! हाच जॉन पुढे व्हर्जिनियात गेला. त्याचा मुलगा अब्राहम, त्याचा थॉमस आणि थॉमसचे पुत्र राष्ट्राध्यक्ष लिंकन, अशी ही सातवी पिढी. घरात सांगितलेली गोष्ट विरली, पण शेताच्या कागदाने तोंड उघडले. आणखी एक नवल असे, की आजोबांच्या मृत्यूचा जो काळ लिंकन सांगत, तो त्यांच्या हिशेबाने १७८४ च्या पुढे जात नाही. पण कागदपत्रांवरून तो १७८६ ठरला. थोर माणसाचीही ऐकीव माहिती दोनतीन वर्षांनी चुकू शकते, मग आपली काय कथा!

आता दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. लिंकनच्या मातापित्यांचा विवाह विधिपूर्वक झालाच नव्हता, अशी कुजबुज त्यांचे विरोधक करीत. लग्नाची नोंद हार्डिन परगण्यात शोधली गेली, कारण लिंकनचा जन्म तेथला. नोंद मिळाली नाही, तेव्हा कुजबुज वाढली. प्रत्यक्षात विवाह लागला होता शेजारच्या वॉशिंग्टन परगण्यात, १२ जून १८०६ रोजी, आणि लग्न लावणाऱ्या जेसी हेड नामक धर्मोपदेशकाने तशी नोंद दिली होती. १८६५ साली लिंकनची हत्या झाली, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी हा कागद उजेडात आला. चुकीच्या दप्तरात शोधून ‘नोंदच नाही’ म्हणणे म्हणजे काय, याचा हा धडा होय. एका साध्वीच्या नावाला एवढी वर्षे बट्टा राहिला तो केवळ दप्तर चुकल्यामुळे!

त्या साध्वीचे, म्हणजे लिंकनच्या आईचे, नाव नॅन्सी हँक्स. तिचे आईबाप कोण, हा वाद त्याहून मोठा. लिंकनचे वकिलीतील भागीदार हर्न्डन यांनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात लिहिले, की नॅन्सी ही ल्यूसी हँक्स नावाच्या अविवाहित मुलीची कन्या, असे खुद्द लिंकननी त्यांना सांगितले होते. पुष्कळांना हे रुचले नाही. १८९९ साली एका विदुषीने ग्रंथ लिहून दाखविले, की जोसेफ हँक्सच्या १७९३ च्या मृत्युपत्रात नॅन्सी नावाच्या मुलीला एक कालवड दिली आहे. हीच लिंकनची आई, म्हणजे ती औरस! सर्वांना हायसे वाटले. पण पुढे ध्यानी आले, की घरात नॅन्सी दोन होत्या. कालवड मिळालेली नॅन्सी ही लिंकनच्या आईची मावशी. मग कोणी असे मांडले, की ल्यूसी ही विधवा होती आणि तिचे माहेरचे आडनाव वेगळेच होते. पन्नासपाऊणशे वर्षे पंडितांची रणे माजली.

अखेर २०१५ साली या वादात विज्ञान उतरले. आईकडून मुलांकडे जसाच्या तसा जाणारा आनुवंशिक द्रव्याचा एक अंश असतो. ल्यूसीच्या व तिच्या बहिणींच्या कन्यापरंपरेतील हयात वंशजांची तपासणी झाली आणि नॅन्सी ही ल्यूसीची कन्या व जोसेफ हँक्सची नात, या मताला दुजोरा मिळाला. हर्न्डनने लिहिलेली नकोशी गोष्टच सत्याच्या जवळ निघाली. नॅन्सीचा पिता कोण, ती चौकट मात्र आजही रिकामी आहे आणि जाणते संशोधक ती रिकामीच ठेवतात. आता मी आपणांस विचारतो, एवढे कळल्याने लिंकन तिळभर तरी लहान झाले काय?

याउलट प्रकारही त्या देशात झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी गुस्ताव्ह आंजू नावाचा एक इसम धनिकांना पैसे घेऊन वंशावळी करून देत असे. त्यांत खऱ्या कागदांत खोटे कागद असे बेमालूम मिसळलेले असत, की मूळ पुरुष थेट युरोपातील सरदारघराण्याला जाऊन भिडे. त्या वंशावळी छापल्या गेल्या, वाचनालयांत गेल्या आणि त्यांवरून इतरांनी उतरून घेतल्या. आज शंभर वर्षांनंतरही संशोधकांना ते तण उपटावे लागते. छापलेली चूक ही लिहिलेल्या चुकीपेक्षा दीर्घायुषी असते.

अशा अनुभवांतून तेथील अभ्यासकांनी पुराव्याचे नियम ठरविले. वंशशोधकांची पात्रता पारखणारे एक मंडळ त्यांनी १९६४ साली स्थापन केले. नियम असे: जेथे जेथे नोंद असण्याचा संभव, तेथे तेथे शोध घ्यावा, प्रत्येक विधान कशावरून केले ते लिहावे, घटनेच्या वेळचा कागद आणि मागाहून आठवून लिहिलेला कागद यांत भेद करावा, परस्परविरुद्ध पुरावे लपवू नयेत, त्यांचा उलगडा करावा, आणि निष्कर्ष कारणांसह लेखी मांडावा. किती साधे नियम! पण पाळावयास किती कठीण!

कठीण का, ते माझ्याच उदाहरणावरून सांगतो. शाळेत असता जनरल रजिस्टर माझ्या हाती असे. खेड्यातील आईबाप मुलाला घेऊन येत, आणि जन्मतारीख विचारली तर ‘पोळ्याच्या आसपास’ किंवा ‘दुष्काळानंतर’ असे सांगत. मुलाची उंची पाहून मी १ जून लिहून टाकीत असे. मजसारख्या अनेक गुरुजींनी हेच केले. आज या सभागृहात १ जून हा वाढदिवस असलेली किती मंडळी असतील, त्यांनी मनातल्या मनात हात वर करावा! (हशा.) शंभर वर्षांनी कोणी संशोधक तो सरकारी कागद पाहून म्हणेल, की हा अस्सल पुरावा. म्हणून कागद सरकारी आहे एवढ्यावर भागत नाही. तो कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला हे विचारावे लागते.

आणि आता जे सांगावयाचे आहे, ते सांगताना माझा आवाज थोडा कापेल, तरी क्षमा असावी. गेल्या वर्षी मंडळाचा तक्ता प्रथम मीच भरला. पणजीच्या चौकटीत वडिलांनी सांगितलेले नाव व माहेर लिहिले. घरात तिची तसबीर नाही, पण नाव सर्वांना पाठ. अमेरिकेहून परतल्यावर वाटले, की आपण इतरांचे तक्ते तपासतो, तर आपला का नाही? म्हणून तलाठ्याकडे व तालुक्याच्या कचेरीत खेपा घालून आमच्या जमिनीचे जुने फेरफार काढले. पणजोबा १९१८ च्या तापाच्या साथीत गेले. त्यांच्या वारसांच्या नोंदीत माझ्या आजोबांचे नाव होते आणि खाली मोडीत लिहिले होते, ‘पाटाची बायको’. पुढे जे नाव होते ते मी कधीही ऐकलेले नव्हते. आजोबा तिचेच पुत्र, असे त्या नोंदीत स्पष्ट होते.

म्हणजे ज्या पणजीचे नाव आम्ही श्राद्धाला घेत आलो, ती पणजोबांची पहिली, लग्नाची पत्नी. ती निपुत्रिक वारली असावी. आणि ज्या विधवेने पाट लावून आमच्या घरात येऊन आमचा वंश चालविला, पणजोबांच्या मागे शेत राखले, माझ्या आजोबांना वाढविले, तिचे नाव आम्ही पुसून टाकले! पुढे घरास चार दिवस बरे आले, मुले शिकली, आणि पाट म्हणजे कमीपणा असे वाटू लागले. कोणी पुसले असेल ते वाईट बुद्धीने पुसले नसेल, घराच्या अब्रूसाठीच पुसले असेल. पण ज्या माउलीचे रक्त माझ्या अंगात आहे तिला मी साठी उलटल्यावर एका तलाठी दप्तरात भेटलो, ही लाज मी कोठे ठेवू?

मी तो कागद दोन महिने कपाटात ठेवला. धाकटे बंधू म्हणाले, ‘दादा, राहू द्या. मुलींची लग्ने व्हायची आहेत.’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मग मला लिंकनची आठवण झाली. शेवटी आम्ही दोघे भाऊ एकत्र बसलो, आणि दोघांच्या सहीने तक्ता दुरुस्त करून मंडळाकडे दिला. त्यात दोन्ही पणज्यांची नावे आहेत. दुसरीच्या माहेराची चौकट मात्र रिकामी आहे. तेथे कोणते तरी गाव लिहून देण्याचा मोह झाला होता, तो आवरला.

म्हणून मंडळास माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, तक्त्यातील प्रत्येक नावापुढे ‘कशावरून’ असा एक रकाना असावा. त्यात त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वही, फेरफार, शाळेचा दाखला किंवा ‘आजीने सांगितले’ यांपैकी जे खरे ते लिहावे. आजीने सांगितलेले टाकाऊ नव्हे, पण ते आजीने सांगितलेले आहे एवढे कळले पाहिजे. दुसरी, जेथे दोन घरांच्या हकीकती जुळत नाहीत तेथे दोन्ही छापाव्यात. मताधिक्याने पूर्वज ठरवू नये. तिसरी, स्त्रियांची नावे माहेरासह शोधून घालावीत, आणि जे सापडणार नाही ती चौकट कोरी ठेवावी. कोरी चौकट म्हणजे कमीपणा नव्हे. पुढच्या पिढीतील एखाद्या मुलाने किंवा मुलीने ती भरावी, म्हणून राखून ठेविलेली ती जागा आहे.

आपल्या घरांत वृद्ध माणसे आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा. ट्रंकेतील जीर्ण कागद वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी बाहेर काढा. मोडी वाचता येणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. मजसारख्याला जेवढे येते तेवढे मी विनामूल्य वाचून देईन, कोणीही संकोच न करता यावे.

ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत अशा आपल्या सर्व पूर्वजांना, विशेषतः त्या मातांना, वंदन करून मी आपली रजा घेतो.